खात्रीचा फोन

माणसाच्या घरी जायचं, त्याच्या चटईवर बसायचं, त्याचाच चहा प्यायचा आणि मग त्याला विचारायचं, "तुम्ही किती सुखी आहात?" हा माझा धंदा आहे. धंदा म्हटलेलं आमच्या संस्थेत आवडत नाही. तिथे याला काम म्हणतात, आणि पाहुणे आलेले असले तर कार्य म्हणतात. मी जिनत तांबोळी, अर्थशास्त्रात एम. ए., कंत्राटी सर्वेक्षक. वस्तीतल्या बायका मला सर्व्हेवाल्या ताई म्हणतात, तेच बरं वाटतं.

दर चार महिन्यांनी मी त्याच घरांत जाते आणि तेच प्रश्न विचारते. कोण काय काम करतं, कुणाचं काम सुटलं, कोण आजारी पडलं, घरात कुणाला उपाशी झोपावं लागलं का. नवी घरं घ्यायची नाहीत, तीच घरं वर्षानुवर्षं धरून ठेवायची. याला पॅनेल म्हणतात. एकदा विचारलं तर कोण गरीब आहे एवढंच समजतं. पुन्हा पुन्हा विचारलं तर कोण त्यातून वर आलं आणि कोण कशानं खाली गेलं तेही समजतं. हे मला शर्मिलाताईंनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं आणि ते ऐकून मला भरून आलं होतं. आपण काहीतरी चांगल्या गोष्टीला हातभार लावतोय असं वाटलं होतं. आता त्यांचा आवाज नुसता फोनवर ऐकला तरी नकोसा होतो.

शर्मिलाताई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. संस्था प्रभात रोडच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्यात आहे. बंगल्यात सगळ्यांनी एकमेकांना ताई आणि दादा म्हणायची पद्धत आहे. एका ताईचा पगार आणि दुसऱ्या ताईचा पगार यांच्यात केवढी दरी आहे, हे झाकायला ती पद्धत फार सोयीची पडते. शर्मिलाताई खादी घालतात, मोठ्यानं बोलत नाहीत, आणि वस्तीत गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली असावीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी थोडा चालवावा लागतो. त्यांचा उंट एसीत बसलेला असतो.

आमच्या प्रश्नांत एक शिडी असते. टॅबवर दहा पायऱ्यांचं चित्र येतं. सगळ्यात वरची पायरी म्हणजे याहून चांगलं आयुष्य असूच शकत नाही, सगळ्यात खालची म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. आपण कुठल्या पायरीवर आहोत ते समोरच्यानं सांगायचं. नियम असा की हा प्रश्न एकट्यात विचारायचा. हा नियम ज्यानं केला त्यानं वस्तीतलं घर बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नसणार. दीड खोलीत एकांत कुठून आणायचा? स्वारगेटच्या मागे, कालव्याच्या कडेच्या वस्तीत रतनचं घर होतं, तिथे तर सासू दाराशीच बसलेली असायची. सोजरबाई तिचं नाव. मी शिडी दाखवली की रतनच्या आधी सोजरबाई बोलायची.

"तिला काय धाड भरलीया? खाऊनपिऊन सुखी हाय ती. आठ लिव्हा."

रतन मान खाली घालून म्हणायची, आठ. मी आठ लिहायचे. काम करता का, या प्रश्नाला रतन नाही म्हणायची आणि सोजरबाई पुढे जोडायची की आमच्यात बाया कामाला जात न्हाईत. मग मी नाही लिहायचे. रतनचा नवरा जयसिंग मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा. मी गेले की तो खुर्ची सोडून उभा राहायचा, 'बसा मॅडम' म्हणायचा, मुलीला पाणी आणायला सांगायचा. दारू पीत नव्हता. पीत असता तर निदान शेजाऱ्यांनी रतनची बाजू घेतली असती.

एप्रिलच्या फेरीत मी गेले तेव्हा सोजरबाई भोरकडे गावच्या जत्रेला गेली होती. जयसिंग भाडं घेऊन बाहेरगावी गेलेला. घरात रतन एकटीच. मुलगी निकिता शेजारी खेळत होती. मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं की तुम्ही सांगाल ते गुप्त राहील, तुमचं नाव कुठेही येणार नाही, नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. हे मी इतक्या वेळा वाचलंय की मला त्याचा अर्थ ऐकू येत नाही. पण त्या दिवशी रतननं ते ऐकलं. तिनं दार लोटून घेतलं, माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं की हे खरंच कुणाला कळत नाही ना. मी म्हणाले, खरंच नाही.

मग ती बोलायला लागली. गेल्या दिवाळीपासून ती काम करत होती. खडकवासल्याच्या अलीकडे, सिंहगड रोडच्या आत एक छोटा वृद्धाश्रम आहे, तिथे ती दुपारचा स्वयंपाक करायची. घरी सांगितलं होतं की स्वारगेटला शिवणक्लासला जाते. चोरून काम करायचं कारण असं, की त्याआधी ती हडपसरला एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली होती आणि ते जयसिंगला कळल्यावर तो रोज गेटवर जाऊन उभा राहायला लागला. शिवीगाळ नाही, मारामारी नाही. नुसतं येणाऱ्याजाणाऱ्याला, वॉचमनला, तिच्याबरोबरच्या बायकांना सांगायचा की माझी बायको आत सुपरवायझरबरोबर काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे का. मालकानं आठवड्यात तिला येऊ नको म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मात्र त्यानं तिला जे केलं त्याच्या खुणा तिनं मला पदर सरकवून दाखवल्या. त्या बऱ्या झाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या.

वृद्धाश्रमात राहून स्वयंपाक करणारी एक म्हातारी बाई होती. ती जूनमध्ये मुलाकडे जाणार होती. तिची मागची खोली रतनला मिळणार होती, निकिताला घालायला शाळाही तिथून जवळ होती. व्यवस्थापकांनी शब्द दिला होता. रतनला फक्त जूनपर्यंत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एकदा खोलीत राहायला गेलं आणि आत माणसं आपली झाली की तो गेटवर आला तरी बघून घेऊ, असं तिनं ठरवलं होतं. माझ्याशी ती अशी बोलत होती की मधूनच हसायला लागायची. पोटात बरेच दिवस धरून ठेवलेलं कुणापाशी तरी बोलता आलं की माणूस हसतं तसं.

शिडीचं चित्र आलं तेव्हा तिनं टॅब स्वतःकडे ओढून घेतला, नीट पाहिला आणि दोनवर बोट ठेवलं.

"आजवर तुम्ही लिहिलेलं ते सासूबाईंचं होतं," ती म्हणाली. "हे माझं लिहा."

मी लिहिलं. कामाच्या रकान्यात होय लिहिलं, कामाचं ठिकाण लिहिलं, कारण टॅब ते भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. बाहेर पडताना मला खरंच आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी त्या घरातून एक खरं उत्तर मिळालं होतं.

आता आमच्या संस्थेतल्या अकलेचं प्रदर्शन सांगते. आमचा विदा विभाग, म्हणजे आम्ही भरून आणलेल्या उत्तरांची तपासणी, संजय नावाचा एक माणूस सांभाळतो. तो कुणाच्याही घरी जात नाही, पण कुणाच्या घरात काय घडणं शक्य आहे हे त्याचं मशीन ठरवतं. मागच्या फेरीतलं उत्तर आणि या फेरीतलं उत्तर यांत फार फरक दिसला की मशीन त्या घरावर लाल खूण करतं. गृहीत असं, की गरीब माणसाचं आयुष्य चार महिन्यांत एवढं बदलत नाही, म्हणजे सर्वेक्षकानंच झाडाखाली बसून काहीतरी भरलं असणार. एखाद्याचं आयुष्य तेच असेल आणि या वेळी पहिल्यांदाच तो खरं बोलला असेल, ही शक्यता मशीनला शिकवायला कुणाला सुचलं नाही. रतनच्या घरावर दोन लाल खुणा आल्या. आठची दोन झाली म्हणून एक, आणि घरी बसणारी बाई नोकरीला लागली म्हणून दुसरी.

लाल खूण आली की खात्रीचा फोन जातो. तो सर्वेक्षकानं करायचा नाही, कारण चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या कशा द्यायच्या. तो बाहेरच्या एका कॉल सेंटरमधली मुलगी करते. तिला टॅबमधली उत्तरं पाठवतात आणि ती ते सगळं वाचून दाखवून विचारते, हे बरोबर आहे ना. फोन कुणाला करायचा? घराच्या नोंदीत जो पहिला नंबर असेल त्याला. आणि पहिला नंबर म्हणजे कुटुंबप्रमुखाचा. तो पहिल्या फेरीत घेतला होता, जेव्हा रतनकडे फोनच नव्हता.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. असा फोन जातो हे माहीत होतं, पण आम्हाला वाटायचं की त्यात विचारतात, आमच्या बाई तुमच्याकडे आल्या होत्या का, नीट बोलल्या का. उत्तरं वाचून दाखवतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मेच्या सुरुवातीला एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. रतन बोलत होती. तिनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"ताई, तुम्ही आमच्या ह्यांना फोन केला होता का?"

मी नाही म्हणाले. मग ती घाईघाईनं सांगायला लागली. जयसिंग वृद्धाश्रमाच्या गेटवर आला होता. जेवणाची वेळ होती. सगळी म्हातारी माणसं ताटावर बसली होती, त्यांच्यासमोर त्यानं सुरू केलं. आधीच्यासारखंच, आवाज न चढवता. एका आजोबांनी त्याला जायला सांगितलं तर त्यांनाच विचारलं, तुमचं आणि हिचं काय आहे. व्यवस्थापक चांगला माणूस होता, पण त्यानं हात जोडून रतनला सांगितलं की बाई, ही आजारी माणसं आहेत, मला हे झेपायचं नाही. खोली गेली, काम गेलं. जयसिंगनं रात्री तिला विचारलं की शिडीवर दोन म्हणजे काय गं, माझ्या घरात तू दोनवर आहेस का. शिडी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा तिला कळलं की हे कुठून आलं. ती एवढं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी तशीच उठून प्रभात रोडला गेले. संजयला म्हणाले, मला रेकॉर्डिंग ऐकव. खात्रीचे फोन दर्जासाठी रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. त्यानं उत्साहानं लावलं, त्याला वाटलं मला शिकायचंय. मुलीचा आवाज फार गोड होता. आपल्या कुटुंबातील सौ. रतन यांनी सांगितलं आहे की त्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाकी म्हणून काम करतात, हे बरोबर आहे का सर?  मग जयसिंगचा आवाज आला, तोच शांत, खुर्ची सोडून उभं राहणारा आवाज.

"हो हो मॅडम. जरा ठिकाण परत सांगता का? मी लिहून घेतो."

आणि तिनं सांगितलं. सावकाश सांगितलं, जवळची खूणसुद्धा सांगितली. मग आयुष्याच्या समाधानाचं दोनही वाचून दाखवलं. त्यानं तेही बरोबर आहे म्हणून सांगितलं. मुलीनं आभार मानले. खाली शेरा होता, उत्तरदात्याचं पूर्ण सहकार्य.

  मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे बाहेरगावचे दोन पाहुणे आले होते आणि मातीच्या कपांतून चहा पीत होते. एक जण म्हणत होता की या शहरात झाडं किती छान राखली आहेत.

शर्मिलाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे डोळेही भरून आले, ते मी नाकारत नाही. त्या म्हणाल्या की फार वाईट झालं, अशा वेळी आपण किती हतबल असतो. मी म्हणाले, हतबल कसल्या, आपणच केलंय हे. त्यांनी संजयला बोलावलं. संजय म्हणाला, प्रक्रियेत काही चूक नाही, नंबर जुना होता इतकंच, आणि नंबर बदलण्याची सोय सॉफ्टवेअरच्या पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत येणार आहे. वरातीमागून घोडं, पण तेसुद्धा अजून तबेल्यात. मी विचारलं, तिला दुसरीकडे काम मिळवून देता येईल का, तुमच्या एवढ्या ओळखी आहेत, एखाद्या महिला संस्थेत राहायची सोय होईल का.

शर्मिलाताईंनी माझा हात हातात घेतला. "जिनत, आपण पॅनेलमधल्या घराला मदत करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मग ते घर इतरांसारखं राहत नाही गं. आपण मोजायला गेलोय, आपणच त्यात ढवळाढवळ केली तर मोजलं काय?"

ढवळाढवळ. तिच्या नवऱ्याला तिचा पत्ता खुणेसकट सांगितला ती ढवळाढवळ नव्हती. आता तिला छप्पर मिळवून दिलं तर मात्र ढवळाढवळ. मी त्यांच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. त्यांना ते कळलंही नसेल, कारण त्या बोलतच होत्या. म्हणाल्या की एका दृष्टीनं पाहिलं तर आपली पद्धत किती बारीक पकडते बघ, काम मिळणं, काम सुटणं, त्याबरोबर मनःस्थिती, सगळं एकाच बाईच्या आयुष्यात, आणि तेही पाठोपाठच्या फेऱ्यांत. परिषदेसाठी त्या यावरच लिहीत होत्या. नाव अर्थातच येणार नव्हतं.

वीस दिवसही झाले नसतील, रतन मुलीला घेऊन घरातून निघून गेली. हे मला संस्थेनंच सांगितलं. संस्थेला कुणी सांगितलं, तर जयसिंगनं. आता त्याच्याकडे आमचा नंबर होता. त्यानं संजयला फोन करून नम्रपणे विचारलं की तुमचे लोक घरोघर फिरतात, गेलेल्या माणसाचाही माग काढतात असं ऐकलं, तर माझी बायको सापडली की मलाही कळवाल का. संजयनं त्या घराच्या नोंदीपुढे लिहून ठेवलं, मूळ कुटुंब सहकार्यास उत्सुक.

माग काढतात हे खरं आहे. पॅनेलमधल्या घरातून कुणी फुटून निघालं की ते नवं घर धरायचं आणि त्याचा पत्ता शोधून तिथेही जायचं, हा आमचा सगळ्यात जुना नियम आहे. नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईचं घर तर शर्मिलाताईंच्या लेखी सोनं. अशी घरं इतक्या कमी वेळा मिळतात आणि मिळाली तरी हातची निसटतात, असं त्या हळहळून म्हणाल्या. तुझा तिच्याशी चांगला संबंध आहे, तूच जा. मी विचारलं, नवीन घर नोंदवलं की पुढे काय होतं. संजय म्हणाला, मूळ घराशी जोडताना खात्री करून घ्यावी लागते.

"म्हणजे फोन?"

"म्हणजे फोन," तो म्हणाला. "मूळ घराला, एकदाच."

मी म्हणाले की मी जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही पाठवू नका. शर्मिलाताईंनी मान हलवली, समजूतदारपणे. तू थकली आहेस, थोडी विश्रांती घे, सोमवारी आपण ते चिंचवडच्या तुकडीकडे देऊ, असं म्हणाल्या. चिंचवडच्या तुकडीतली पोरं हुशार आहेत. त्यांना घर शोधण्याचे वेगळे पैसे मिळतात.

म्हणून रविवारी मीच निघाले. रतन कुठे असेल हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं म्हणजे संस्थेलाही ठाऊक होतं. पहिल्या फेरीत प्रत्येक घराला एक प्रश्न असतो, तुम्ही घर बदललंत तर तुमचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल. रतननं तेव्हा सासूला ऐकू जाऊ न देता मावशीचं नाव दिलं होतं, चंद्रभागा, खडकी बाजार. सोजरबाईला त्या मावशीचं नावही ऐकायला नको असायचं. लग्नातच भांडण होऊन ते नातं तुटलं होतं. जयसिंगला ती खडकीत कुठे राहते हे माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, गल्लीसकट. मावशींचा फोन लागत नव्हता, नाहीतर मी गेलेच नसते.

चंद्रभागाबाईंचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून त्या बाजाराच्या मागे एका वाड्याच्या चौकातल्या खोलीत राहतात. मी पोचले तेव्हा रतन चौकात दोरीवर कपडे वाळत घालत होती. निकिता पायरीवर बसून आंबा खात होती. दोघी बऱ्या दिसत होत्या. रतनच्या अंगावर दुसऱ्या कुणाची तरी साडी होती, केस धुतलेले होते. मला तिला हाक मारावीशी वाटेना. पण तिनं मान वर केली आणि मला पाहिलं.

ती ओरडली नाही. तिनं हातातला ओला परकर दोरीवर टाकला होता तो परत ओढून घेतला, मग त्याच्या शेजारचा कपडा, मग त्याच्या शेजारचा. सगळे ओले कपडे ती काढायला लागली.

मी पुढे जाऊन म्हणाले की मी कामासाठी आलेली नाही, माझ्याकडे टॅब नाही, तुम्हाला सावध करायला आलेय. तिनं फक्त एवढंच विचारलं, "हा पत्ता तुम्हाला कुणी दिला?"

"तुम्हीच. पहिल्या वेळी विचारला होता."

"म्हणजे तुमच्याकडे लिहिलेला आहे."

"हो."

"खोडता येतो?"

मी म्हणाले, नाही. मला सांगायचं खूप होतं. मी शिव्या दिल्यात त्यांना, मी भांडले, मी काम सोडणार आहे. यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं, हे तिच्यासमोर उभी राहिल्यावर मला कळलं. कधी येतील, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, उद्यापासून कधीही. ते नवऱ्याला घेऊन येणार नाहीत, एकटेच येतील, गोड बोलतील, मुलीला बिस्किटं देतील. त्यानंतर फोन जाईल.

चंद्रभागाबाई आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सुखदुःख विचारणाऱ्या त्या तुम्हीच का," त्या म्हणाल्या, "विचारून झालं असेल तर जरा बाजूला व्हा, तिला पिशवी भरू द्या."

मी बाजूला झाले. पिशवी भरायला फार वेळ लागला नाही. ओले कपडे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधले. निकिताचं शाळेत नाव घालायचं म्हणून मावशींनी इथल्या बाईंशी बोलणं केलं होतं, ते आता राहिलं. रतननं कॅन्टोन्मेंटच्या बाजूला दोन घरची पोळ्यांची कामं धरली होती, तीही राहिली. हे मला कुणी सांगितलं नाही. मावशी आणि भाची एकमेकींशी बोलत होत्या, ते कानावर पडत होतं. मी जवळ असले की त्या थांबायच्या. कुठे जायचं ते त्यांनी आत जाऊन ठरवलं, दार लावून घेऊन.

मी पिशवी उचलायला पुढे झाले तर रतननं ती दुसऱ्या हातात घेतली. बाजारातल्या बसथांब्यापर्यंत मी त्यांच्या मागून गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. घरी जावंसं वाटत नव्हतं. थांब्यावर गर्दी होती, भाजीवाले, रविवारच्या खरेदीला आलेली माणसं. रतन छपराखाली उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. बस येईना. ती रस्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत होती, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी तिथे असेपर्यंत ती कुठल्याच बसमध्ये चढणार नाही.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि एका बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभी राहिले. माणसं मला चुकवून जात होती. मागून निकिताचा आवाज आला, खणखणीत, लहान मुलांचा असतो तसा.

"आई, त्या ताई तिकडे तोंड करून का उभ्या राहिल्यात?"

"आपण कुठे जातोय ते त्यांना कळायला नको म्हणून," रतन म्हणाली.

तिनं हे हळू आवाजात सांगितलं नाही. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मुलीला गॅसजवळ जाऊ नको म्हणून सांगावं तसं सांगितलं. मला माझी, सवयीनं गळ्यात अडकवलेल्या ओळखपत्राच्या फितीची, पर्समधल्या पेनाची एवढी किळस आली की शटरवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग बस आली. ब्रेकचा आवाज झाला, दार उघडलं आणि कंडक्टरनं बस कुठे जाणार ते ओरडून सांगायला सुरुवात केली. पहिलं अक्षर तोंडातून निघायच्या आत मी दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि बस निघून गेली असं वाटल्यावरही बराच वेळ तसेच धरून ठेवले.